बिराजदारांचं मोकळं रान

बिराजदारसाहेब खाणावळीत गेले की टेबलावर बसून कधी काही मागवायचे नाहीत. ते सरळ आत, चुलीपाशी. सोलापुरात नव्या पेठेत आमच्या ऑफिसच्या शेजारी एक खाणावळ होती. तिथला वाढपी "काय आणू साहेब?" म्हणेपर्यंत साहेब आत भाकरी थापणाऱ्या मावशींसमोर उभे. "मावशी, भाकरी जरा पातळ हो. आणि शेंगाचटणीवर दही घाला की थोडं." मग हात झटकत बाहेर यायचे आणि मला म्हणायचे, "बाई, आपण ह्याला सांगायचं, ह्यानं तिला सांगायचं, मधल्यामधे निम्मं सांडतंय की!" तो वाढपी त्यांच्यावर दात खाऊन असायचा. त्याची चूक नव्हती. कुणी आपल्या डोक्यावरून रोज असं उडी मारून गेलं तर मलाही राग आला असता.

पण साहेबांचा स्वभावच तसा. मधला माणूस म्हटला की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. रेल्वेची चौकशी करायची तर खिडकीवर न जाता स्टेशनमास्तरच्या केबिनमध्ये. ज्वारी घ्यायची तर मंद्रूपच्या बाजाराला जाऊन, शेतकऱ्याच्या पोत्यात स्वतः हात घालून. एस.टी.चं भाडं, हमाली, वर अर्धा दिवस मोडलेला. ती ज्वारी पेठेतल्यापेक्षा महागच पडायची. मी एकदा तसं म्हणाले तर म्हणाले, "महाग पडली तर पडली. पण ज्यानं पिकवली त्याच्याशी बोललो की नाही?" कपाळ माझं!

लग्नसुद्धा त्यांनी असंच जमवलेलं. ती हकीकत मला गिरिजावहिनींनी स्वतः सांगितली, तोंडाला पदर लावून हसत. मध्यस्थानं स्थळ सुचवलं, तर हे मध्यस्थाला म्हणाले, तुम्ही पत्ता द्या आणि घरी जा. आणि सायकल मारत अक्कलकोटच्या पुढच्या त्या खेड्यात हजर. अंगणात उभं राहून वहिनींच्या वडिलांना, अप्पांना, कानडीत म्हणाले, मी इंजिनिअर आहे, तुमच्या मुलीला मागणी घालायला आलोय. अप्पांना वाटलं, खताचा एजंट आहे, काहीतरी गळ्यात मारतोय. मग ह्यांनी पडवीतल्या वहिनींनाच विचारलं, "तुम्हाला चालतंय का?" वहिनी म्हणाल्या, "आधी सायकल बाजूला घ्या. वाळवणावर आलीय." तरी लग्न झालं.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. एम.एस्सी. गणित होऊन घरी बसलेली मुलगी म्हणून मला पाहुण्यांचे उपदेश चालू होते, तेवढ्यात ही प्रोग्रॅमरची नोकरी मिळाली. एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं केंद्र, गिरण्यांची हिशेबाची कामं करून द्यायचं. खाली चादरींचे गठ्ठे, वर कॉम्प्युटर. पेठेतले लोक त्याला 'वरचं मशीन' म्हणत. त्या मशीनसाठी खोलीत वातानुकूलन होतं, आख्ख्या गल्लीत तेवढंच एक, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांनाच वर काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं.

मशीनच्या बाजूला डिस्क. आताच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण ती पिठाच्या चक्कीएवढी होती. आत ताटांच्या चवडीसारख्या चकत्या दिवसभर गरगर फिरायच्या. साहेब सकाळी आले की तिच्या झाकणावर थाप मारत, "काय बे, काय करलालास?" झाडूवाल्या बाईंपासून मालकांपर्यंत सगळ्यांना ते अहोजाहो करायचे. 'बे' म्हणायचे ते फक्त डिस्कला.

आणि मधल्या माणसाचं भांडण त्यांनी ह्या डिस्कपर्यंत आणलं होतं. त्याचं असं होतं. मशीनबरोबर कंपनीनं एक व्यवस्था दिली होती. आपण माहितीला नाव द्यायचं, म्हणजे 'पगार' किंवा 'सूतसाठा'. ती डिस्कवर कुठं ठेवायची, उद्या कुठून काढायची, हे सगळं ती व्यवस्था बघणार. तिची स्वतःची एक सूची असायची, आणि सूचीत नाव असलं की कुणीही ती माहिती मागू शकायचं. आम्ही त्या व्यवस्थेला 'कारकून' म्हणायचो. कारकून शहाणा होता, पण फार हळू. प्रत्येक गोष्टीला आधी सूची उघडणार, बोट फिरवत नाव शोधणार, मग उठणार.

साहेबांनी डिस्कची अर्धी बाजू कारकुनाला दिली आणि अर्धी त्याच्या हातातून काढून घेतली. ह्या अर्ध्या भागावर नाव नाही, सूची नाही, काही नाही. कुठल्या चकतीच्या कुठल्या फेऱ्यात काय ठेवलंय हे साहेबांना ठाऊक आणि त्यांच्या प्रोग्रॅमला ठाऊक. त्या भागाला ते 'मोकळं रान' म्हणायचे. आमच्यात त्याचं नाव पडलं बिराजदारांचं रान.

मी कारकुनाच्या बाजूची. आमचं रोज भांडण.

"साहेब, नाव नाही तर दुसऱ्याला सापडणार कसं?"

"दुसऱ्याला कशाला सापडायला पायजे?"

"तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी पडत नसतो आजारी. मंद्रूपची ज्वारी खातोय की!"

मग एकदा त्यांनी पैजच लावली. तेच काम कारकुनाकडून आणि तेच रानातून. रानातलं काम माझा डबा खाऊन होण्याआधी संपलं. कारकून संध्याकाळी दिवे लागले तरी घोळ घालत बसलेला. साहेब त्याच्याकडे असे बघत होते, जसं काही तो खरोखरच टोपी घालून समोर बसलाय. मला भजी खाऊ घालावी लागली, आणि ती तळून घ्यायलाही साहेब स्वतः कढईपाशी गेले.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आमच्याकडे उसाचं काम आलं.

पंढरपूरकडच्या एका साखर कारखान्यानं प्रयोग म्हणून करकंब गटातल्या उसाच्या नोंदी आमच्याकडे दिल्या. कुणी कधी लागण केली, म्हणजे आदल्या वर्षी ऊस कधी लावला, त्या तारखेप्रमाणे गळिताच्या हंगामात कुणाचा ऊस आधी तोडायचा, तो क्रम मशीननं लावायचा. ऐकायला साधं आहे. पण ज्याचा ऊस वेळेवर तुटत नाही त्याच्या उसाला तुरा येतो, तो वाळतो, वजन घटतं, आणि पुढच्या पिकाचं रानही अडकून पडतं. तोडणीची पाळी वशिल्यानं पुढेमागे व्हायची, हे त्या भागातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कारखान्याच्या शेतकी ऑफिसातल्या वहीत तारीख खोडली, नवी घातली, झालं काम.

साहेबांच्या अंगात वारं शिरलं. हे तर मधल्या माणसाचंच राज्य! करकंबला शेतकऱ्यांची बैठक होती तिथं ते बोलले. मी मागे बसले होते. "ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटेल. तारीख आणि मशीन, मधे कोण येणार नाही. माझा शब्द हाय तुमाला." भाषण करताना ते गावाकडचं बोलायला लागायचे. एक म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, शबुद लई जनांनी दिलाय. तुमचा किती दिस टिकतोय बगू." लोक हसले. साहेब हसले नाहीत.

शेतात जाऊन नोंद घेणाऱ्या मुलांकडून तारखा थेट आमच्याकडे आल्या, मशीनला वाचता याव्यात म्हणून कार्डांवर त्यांची भोकं पाडली गेली, आणि सगळी माहिती साहेबांनी मोकळ्या रानात ठेवली. आता वेगाचा प्रश्न नव्हता. "बाई, नाव दिलं की लोक नावानं हाका मारत येतात. उद्या कारखान्याचा कुणी बडा माणूस येऊन तुम्हाला म्हणेल, ती फाईल काढा आणि एक तारीख बदला. फाईलच नाही, तर काय काढणार तुम्ही?" कार्डं आणि त्या मुलांचे नोंदीचे कागद वापरून झाल्यावर नेहमीप्रमाणे रद्दीत गेले. जी चार-दोन कार्डं उरली त्यांवर आम्ही किराण्याची यादी लिहायचो.

श्रावण संपता संपता मशीनच्या देखभालीला मुंबईहून इंजिनिअर आला. नाडकर्णी म्हणून, गोरापान, अदबशीर मुलगा. नेमका त्या दिवशी मंद्रूपचा बाजार, आणि साहेब ज्वारीला गेलेले. नाडकर्ण्यानं डिस्क तपासली. कारकुनाला विचारलं, ह्या अर्ध्या भागात काय आहे? कारकून म्हणाला, माझ्या सूचीत तिथं काही नाही. मी तेव्हा कंपनीच्या कागदांवर सह्या आणायला मालकांकडे गेले होते. परत आले तर नाडकर्णी हात पुसत होता.

दुपारी साहेब आले, खांद्यावर पोतं. नाडकर्णी उठून उभा राहिला आणि मोठ्या उत्साहानं म्हणाला, "सर, तुमची अर्धी डिस्क वापरातच नव्हती. नुसता कचरा होता. सगळं पुसून, नीट आखून दिलंय. आता तुम्हाला भरपूर जागा मिळेल."

उसाच्या सगळ्या तारखा त्यातच होत्या. शनिवारी टेपवर नक्कल निघायची, पण ती कारकुनाच्या बाजूची. टेपवरही जायला नाव लागायचं. रानाची नक्कल काढायचा वेगळा प्रोग्रॅम साहेब लिहिणार होते. उद्या लिहितो, परवा लिहितो.

साहेबांनी पोतं हळूच खाली ठेवलं. नाडकर्ण्याला म्हणाले, "चहा घेतला का तुम्ही?" त्याला काहीच कळलेलं नव्हतं. माझा मात्र तोल सुटला. मी त्या पोराला वाट्टेल ते बोलले. साहेबांनी मला हातानं थांबवलं. "त्याला काय बोलता बाई? दारावर पाटी मी नाही लावली. रिकामं दिसलं, त्यानं झाडून घेतलं. कुणीही घेईल." मग स्टुलावर बसले आणि डिस्कच्या झाकणाकडे बघत राहिले. थाप मारली नाही. मला त्यांची इतकी दया आली की राग कुठल्या कुठे गेला.

बातमी करकंबला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या एका संचालकांचा फोन आला. आबासाहेब म्हणायचे त्यांना. आवाज तुपासारखा. "बिराजदार, कशाला जिवाला घोर लावून घेता? आमच्या शेतकी ऑफिसात वह्या आहेत ना. त्यातून घ्या तारखा." म्हणजे ज्या वह्यांत खाडाखोड व्हायची त्याच. साहेब म्हणाले, "बघतो." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, करकंबचा बाजार कधी असतो?"

बाजारच्या दिवशी आम्ही लिंबाखाली सतरंजी टाकून बसलो. साहेबांनी आधी उभं राहून सांगून टाकलं. माझ्या चुकीनं तुमच्या तारखा पुसल्या गेल्या. त्या पुन्हा घ्यायला आलोय. सगळ्यांसमोर सांगायच्या, मोठ्यांदा. मग तोच बैठकीतला म्हातारा पुढे येऊन मांडी घालून बसला. "ल्ह्या. माजी लागण गेल्या सालच्या नागपंचमीच्या आदुगर दोन दिस."

"दोन न्हाय काका, तीन," मागून कुणीतरी ओरडलं. "तुमचं उसाचं बेनं माज्या गाडीतनं आलं की! त्या दिवशी माजा बैल बसला हुता, इसरला व्हय?"

"आरं व्हय की. तीन, तीन. ल्ह्या साहेब."

असं सुरू झालं ते दिवसभर. कुणाला तारीख माहीत नव्हती, पण शेजाऱ्याच्या पोरीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी हे पक्कं ठाऊक. कुणी आठवडाभर अलीकडे सरकवू बघितलं की चार जण त्याला ओढून जागेवर आणायचे. साहेब हे कान टवकारून ऐकत होते.

उन्हं कलता कलता आबासाहेबांच्या पुतण्याचा माणूस आला. परीटघडीचे कपडे, उभ्यानंच बोलला. "आमची लागण नागपंचमीच्या दिवशी. लिहून घ्या."

मग भाजीवाली बाई पाटीवर हात मारून हसायला लागली. "नागपंचमीला? नागपंचमीला रान उकरलंसा? सापाच्या वारुळावर नांगर घातला म्हना की!" आख्खा बाजार फुटला. नागपंचमीला त्या भागात कुणी मातीला कुदळ लावत नाही, विळीनं भाजीसुद्धा चिरत नाहीत. नुकताच झालेला सण तोंडात आला म्हणून त्याचीच तारीख ठोकून दिली, आणि तोंडघशी पडला. "तुमची लागण गेल्या साली गौरी उठल्यावर झाली," म्हातारा शांतपणे म्हणाला. "मी पानी दिलंय त्या रानाला." माणूस पुटपुटत निघून गेला, आणि साहेबांनी गौरीनंतरची तारीख लिहिली. दुसऱ्या बाजाराला राहिलेले लोक आले आणि काम पुरं झालं.

सोलापूरला आल्यावर मी कार्डं करायला घेतली. साहेब म्हणाले, "बाई, हे कारकुनाकडं द्या."

मी चाटच पडले. "दिवसभर लागेल साहेब त्याला."

"लागू दे की. नाव द्या, करकंब. सूचीत दिसू दे सगळ्यांना. शनिवारी टेपवर जाऊ दे. आणि यादी छापून करकंबला चावडीवर लावा." थोडं थांबून म्हणाले, "मी सगळं लपवून राखायला बघत होतो. त्या बाजारात बघितलं का तुम्ही? सगळं उघड्यावर होतं, म्हणून कुणाला हात घालता येईना."

बोलायला बोलले, पण कारकून काम करायला लागला तेव्हा त्यांचा जीव नुसता खालीवर. खोलीत येरझाऱ्या, पुटपुटणं, "उघड बे, उघड सूची, फिरव बोट." मी हसू दाबत बसले होते. दिवे लागले, यादी निघाली, ती करकंबला गेली.

दिवाळी झाली आणि साहेबांना कावीळ झाली. मंद्रूपच्या ज्वारीचं काही चाललं नाही. वहिनींनी त्यांना अंथरुणाला बांधल्यासारखं ठेवलं, आणि इकडे गळीत हंगाम तोंडावर. पहिल्या पंधरवड्याचा तोडणीचा क्रम काढायचा होता. करायला मी एकटी.

क्रम काढायचा त्याच दिवशी सकाळी आबासाहेब स्वतः माडी चढून आले. धोतर, सोनेरी काडीचा चष्मा, हातात काठी. बसले, पाणी प्यायले. "बिराजदार नाहीत असं कळलं. तुम्हीच बघता का आता? एक तारीख चुकून पडलीय आमच्या पुतण्याची. फाईल उघडता येते म्हणे आता कुणालाही."

खरं सांगते, फाईल उघडता येत होती. साहेबांना ज्याची भीती होती तोच माणूस, तेच वाक्य. मी म्हणाले, "येते की उघडता. दाखवते." करकंब नाव दिलं, त्यांच्या पुतण्याची ओळ काढली, समोर धरली. "बदलू म्हणता का? बदलते. फक्त चावडीवर जी यादी आहे ती गावानं पाठ केलीय. तिथली पण बदलावी लागेल. ती तुम्ही बदलता का?"

त्यांनी ती ओळ वाचली. मग चष्मा काढला, पुसला, घातला. "राहू द्या," म्हणाले, आणि उठले. जिन्यातला त्यांच्या काठीचा आवाज थांबल्यावर मी फाईल बंद केली.

दुपारी काम लावलं. कारकून त्याच्या चालीनं चालला होता. मावळतीला छपाई सुरू झाली, कागद खडखडत बाहेर यायला लागला. पहिलं नाव एका विधवा बाईचं, तिचा दीड एकर. मग म्हातारबुवा. गौरीनंतरवाले पुतणे बरेच खाली. सगळं जिथल्या तिथं.

मी कागद सरळ करायला वाकले आणि सहज दाराच्या काचेकडे नजर गेली. बाहेर बिराजदार उभे होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, डोळे हळदीसारखे पिवळे, खांदे इतके उतरलेले की आधी मी ओळखलंच नाही. वहिनींची नजर चुकवून आले असणार. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी दार उघडायला धावले तर त्यांनी आतून दिसेल असा हात हलवला. बसा. चालू दे.

मी तिथंच थांबले. काचेतून ते छापून येणाऱ्या कागदाकडे बघत होते. त्यांच्यावाचून त्यांचा शब्द पुरा होत होता, आणि ते बाहेर उभं राहून तो पुरा होताना पाहत होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. जो माणूस आयुष्यभर प्रत्येक दारातून थेट आत शिरला, तो त्या दिवशी स्वतःच्याच खोलीच्या दाराबाहेर थांबला. कागदाची शेवटची घडी खाली पडल्यावर त्यांनी एकदा मान डोलावली, आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, खाली उतरून गेले.